आमच्यात सगळ्यांनाच असते

१२ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे, म्हणून कागदावर लिहिते आहे. पत्ता आत्याने दिला. घडले ते आधी क्रमाने लिहिते, म्हणजे मध्येच पत्र खाली ठेवलेस तरी मुख्य गोष्ट तुझ्या हाती लागलेली असेल.

१. बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात.
२. दीडएक वर्ष रक्त पडत होते. ते त्याला मूळव्याध म्हणत होते. आम्हीही म्हणत होतो.
३. नोव्हेंबरात ते दुकानात कापड कापताना चक्कर येऊन पडले. रक्त तपासले तर अंगात निम्मेच उरले होते.
४. दुर्बिणीच्या तपासणीला नंबर लागायला जानेवारी उजाडला. इस्पितळ आमचेच, म्हणजे मी जिथे याच दुर्बिणी दुरुस्त करते ते.
५. जानेवारीअखेर ऑपरेशन झाले. गाठ काढली. शौचाची मूळची वाट बंद केली आणि पोटाच्या डाव्या बाजूला नवी काढून दिली. तिथे पिशवी चिकटवतात. ती आता कायमची.
६. केमोचे आठ डोस आहेत, तीन-तीन आठवड्यांनी. मार्चमध्ये सुरू होतील.
७. आजोबा आणि काका मूळव्याधीने गेले असे आपण लहानपणापासून ऐकले. ते बहुधा खरे नाही.
८. त्यामुळे मुलांची तपासणी व्हावी असे डॉक्टरांनी सांगितले आहे. मुले म्हणजे तू आणि मी.
९. माझी झाली. यंत्र नीट चालले.
१०. तुझी व्हायची आहे.

पत्र लिहिण्याचे कारण फक्त दहावा मुद्दा. बाकीचे तो समजावा म्हणून.

तपासणी अशी असते. आदल्या दिवशी औषध पिऊन पोट पूर्ण रिकामे करायचे. दुसऱ्या दिवशी झोपेचे इंजेक्शन देतात आणि बोटाएवढी जाड, लवचीक नळी आत घालतात. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. अर्ध्या तासाचे काम. औषध पिणे हाच त्यातला वाईट भाग. तुझ्या वयाच्या माणसाला एरवी कोणी ही तपासणी सांगत नाही. तुला सांगितली आहे.

मी लिहिते आहे हे बाबांना माहीत नाही. गिऱ्हाइकांना ते ‘मूळव्याधीचं ऑपरेशन’ असेच सांगतात. दुसरा शब्द घरात काढायचा नाही असे ठरले आहे. कोणी ठरवले ते मला ठाऊक नाही, मी तेव्हा कामावर होते. आत्यासमोर तो चुकून निघाला की ती उठून दुधाखालचा गॅस बारीक करते, दूध तापत ठेवलेले नसले तरी.

तपासणी कुठे आणि कधी करून घेणार, एवढेच कळव. सही तू लहानपणी ठेवलेल्या नावानेच करते.

पक्कड


६ मार्च

दादा,

आत्याच्या खात्यात तुझे पैसे आले. निरोपाच्या जागी ‘घरखर्च’ लिहिले होते. आभार. मी पैसे मागितले नव्हते.

पण आले ते कशाला लागले, हे तुला कळायला हवे. ते पिशव्यांना लागले. इस्पितळ महिन्याला ठरावीक पिशव्या फुकट देते. ज्यांची पिशवी गळत नाही त्यांना त्या पुरतात. बाबांची गळते. त्याचे कारण वैद्यकीय नाही, शिंप्याचे आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक सिस्टर शाईचे पेन घेऊन आली. नवी वाट पोटावर नेमकी कुठे काढायची, ती खूण आधी करून ठेवतात. तिने खुर्ची पुढे ओढली.

“मास्तर, बसा जरा. बसल्यावर पोटाला घडी कुठे पडते ते बघू.”

“माप उभ्यानं घेतात,” बाबा म्हणाले.

“हे कपड्याचं माप नाही हो.”

“चाळीस वर्षं लोकांच्या कमरा बघतोय, बाई. बसला की माणूस खोटा दिसतो. इथं करा खूण. नेफ्याच्या खाली. शर्टातून उंचवटा दिसता कामा नये.”

मी म्हटले, “बाबा, बसा.”

“तू तुझ्या यंत्रांचं बघ.”

बाहेर बाकावर आणखी माणसे याच खुणेसाठी बसली होती. सिस्टरने माझ्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे पाहिले, मग बाबांनी बोट ठेवले होते तिथे गोल काढला. जाताना मला म्हणाली, “आधी आठवड्याला एखादं असायचं. आता रोज आहेत. भांडायला वेळच उरत नाही.”

उभे असताना बाबांचे माप बिनचूक आहे. काही दिसत नाही, काही गळत नाही. मशीनवर बसले की बरोबर त्याच जागी पोटाला घडी पडते आणि पिशवीची कड सुटते. शिंपी उभ्याने शिवू शकत नाही. म्हणून आता ते टेबलापाशी उभे राहून फक्त कापतात, आणि शिवण बाहेर जाते. शिवणाऱ्याला त्याची मजुरी द्यावी लागते. दुकान उघडे असते, गिऱ्हाईक येते आणि हाती काही उरत नाही. जागा बदलायची तर पुन्हा ऑपरेशन, पुन्हा रांग. आत्या म्हणते, “तोंडानं उभं माप, उभं माप करत होता, आता राहा म्हणावं उभा.” बाबा म्हणतात, “उभाच आहे की.”

सातव्या मुद्द्याबद्दल तू काही विचारलेले नाहीस. तरी लिहिते.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी घरातल्या मोठ्या माणसाला बोलावले. आत्या ठेवणीतली साडी नेसून आली. बाई कागदावर घराण्याचा नकाशा काढत होत्या, पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल.

“वडील कशानं गेले?”

“मूळव्याध.”

“वय काय होतं?”

“पन्नाशी नव्हती गाठली. आमच्यात सगळ्यांनाच असते.”

“आणि धाकटा भाऊ?”

“त्यालाही मूळव्याधच. शेवटी शेवटी पोट फुगलं होतं, खाल्लेलं राहत नव्हतं. पण मुळात मूळव्याधच.”

“आजी, मूळव्याधीनं माणूस मरत नाही.”

“आमच्यात मरतात,” आत्या म्हणाली. तुला तिचा तो सूर माहीत आहे. आमच्यात सगळे उंच असतात, आमच्यात कोणाला टक्कल पडत नाही, तसा.

“तुमचं स्वतःचं काही ऑपरेशन?”

“माझी पिशवी काढली ना! चाळिशी नुकती उलटली होती. अंगावर फार जायचं.” मग तिने बाबांकडे पाहिले. “माझी काढली, याला लावली. घरातली पिशवी घरातच राहिली.”

बाबा इतके हसले की त्यांना टाक्यांवर हात धरावा लागला. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. आत्याच्या गोलावर त्यांचे पेन थांबले होते.

“गर्भपिशवीत काय निघालं होतं? कागद आहेत?”

“पिशवीच ठेवली नाही, तर कागद कशाला ठेवू?”

बाईंनी गोल काळा केला. आजोबांचा चौकोन, काकांचा चौकोन आणि बाबांचा आधीच काळा होता. खाली दोन कोरे उरले, एक चौकोन आणि एक गोल.

त्यांनी समजावले ते थोडक्यात असे. एक दोष असा असतो की तो रक्तातून उतरतो. त्याने आतड्यात गाठी लवकर होतात, आणि बायकांना गर्भपिशवीतही होतात. त्याची खातरी करणारी रक्ततपासणी बाहेर पाठवावी लागते. तिची किंमत ऐकून बाबांनी शर्टाची बाही खाली ओढली आणि बटण लावले. तेव्हा त्या म्हणाल्या, “ती नंतर बघू. मुलांची दुर्बीण मात्र थांबवू नका.”

आपल्या घरात वारसा म्हणून दुकान आहे असे मला वाटत होते.

पैसे पाठवू नकोस. तारीख पाठव.

पक्कड


२५ मार्च

दादा,

काल संध्याकाळी कामावरून आले तर आत्या दारातच उभी होती, चेहरा फुललेला.

“अगं, दादाचा फोन आला होता! किती वेळ बोलला. बाबाची चौकशी केली, माझ्या गुडघ्याची केली.”

“तपासणीचं काय म्हणाला?”

“तपासणी कशाला? त्याचं बरं आहे. म्हणजे, तसं थोडं रक्त जातं म्हणाला, अधूनमधून. मी म्हटलं, घाबरू नकोस रे, तू बापावर गेलायस. तिखट बंद कर, गार दूध घे, उन्हात फिरू नकोस. जरा बरं वाटलं बघ त्याला. नाही म्हटलं तरी एकटा असतो.”

मी चपला काढल्या नव्हत्या. तशीच उभी राहिले.

ती बोलत राहिली. तिला आनंद झाला होता, आणि तो खोटा नव्हता. तीन वर्षांनी तू आपला आहेस याचा तिला पुरावा मिळाला होता. तिने मायेने सांगितले आणि तू मायेने ऐकलेस. बाबांना दीड वर्ष तिने हेच सांगितले होते, याच मायेने.

मला राग आला आहे. तो आत्यावर नाही. माझे पहिले पत्र तुझ्याकडे आहे. त्यातला दुसरा मुद्दा पुन्हा वाच.

मूळव्याध असूही शकते. बहुतेकांच्या बाबतीत तीच असते. पण ती आहे हे बाहेरून ठरत नाही, फोनवरून तर नाहीच. काही प्रश्न विचारते. मला उत्तर नको, तिथल्या डॉक्टरला दे. रक्त लाल भडक असते की काळपट? शौचात मिसळलेले की वरून? शौचाच्या वेळा बदलल्या आहेत का? जाऊन आल्यावरही राहिल्यासारखे वाटते का? वजन उतरले आहे का? तू बारीक झाला आहेस असे आत्या म्हणत होती. फोटो पाठवला होतास म्हणे. मी तो पाहिला. कॉलर तुझ्या मानेपासून सुटली आहे. हे बाबांच्याही लक्षात आले. ते म्हणाले, “रेडीमेड घेतलाय.” फोटो मात्र बराच वेळ हातात होता.

त्यांचा दुसरा डोस काल झाला. या औषधाचा एक परिणाम असा की काही दिवस गार वस्तूला हात लावता येत नाही. लावला की बोटांत वीज शिरल्यासारखे होते. कातर लोखंडाची आहे आणि सकाळी ती गार असते. आत्या ती आधी टॉवेलात गुंडाळून शेगडीजवळ ठेवते आणि मग त्यांना देते. “घे, तुझी भाकरी,” म्हणते.

तू काय ठरवलेस ते लिही. ‘मूळव्याध’ हा शब्द न वापरता लिही.

पक्कड


१७ एप्रिल

दादा,

तुझे पत्र मिळाले. तीन पाने. तुझे अक्षर बदललेले नाही.

तू विचारलेस ते घेते.

‘तू आत काम करतेस, आणि माझा बाप दोन महिने रांगेत? एका शब्दाचं काम होतं.’

आमच्याकडे या तपासणीच्या चार दुर्बिणी आहेत. त्यातली निदान एक कायम माझ्या टेबलावर असते. कधी आतल्या नळीला छिद्र पडते, कधी टोक वळवणारी तार ताणते. तपासायला येणारी माणसे दर वर्षी वाढत आहेत आणि वयाने कमी होत आहेत. यादीत पूर्वी पांढऱ्या केसांची माणसे असायची. आता तपासणीला आलेल्या बायका शाळेतून मुलांना कोण आणणार याचे फोन करत बसलेल्या असतात. दुर्बिणी चारच आहेत. पाचवीची मागणी मी लिहून दिली. ‘पुढील वर्षी विचार करू’ असे उत्तर आले. केमोच्या खोलीत खुर्च्या वाढवल्या, त्या जागेसाठी थांबण्याची खोली काढून टाकली. आता माणसे जिन्यात थांबतात.

मी बाबांना पुढे घातले असते तर कोणीतरी एक मागे गेला असता, आणि तो कोण हे मला कधीच कळले नसते. हे माझे उत्तर आहे. ते तुला पुरेल असे मी म्हणत नाही. काही दिवशी मलाही पुरत नाही.

‘मी गेलो तेव्हा तू कातर उचललीस.’

हो. बाबा गिऱ्हाइकांसमोर म्हणाले की तुला सरळ टीप मारता येत नाही. तू कातर फरशीवर फेकलीस आणि निघालास. ते ओरडले, पुन्हा माप द्यायलासुद्धा या दारात येऊ नकोस. तू दारात होतास, कातर पायाशी होती. जवळ होते ते मी उचलले. तीन वर्षांनी यापेक्षा चांगले कारण सुचेल असे वाटले होते, नाही सुचले.

‘कंत्राटावर आहे. सुट्टीचा पगार कापतात. आणि पोटात काही निघालं तर पुढचं कंत्राट मिळत नाही, उलट घरी धाडतात. न कळलेलं बरं.’

हे तुझे एकच कारण मला खरे वाटले. म्हणून त्याला नीट उत्तर देते.

लवकर सापडले तर अर्ध्या तासाचे काम असते आणि माणूस दोन दिवसांत कामावर जातो. उशिरा सापडले तर काय होते ते आपल्या घरात मांडून ठेवले आहे. एक माणूस आजारी पडला आणि तिघांची कामे बदलली. बाबा शिवत नाहीत. आत्या, गुडघे धरून, दुकानात काज-बटण करते. मी दुपारची पाळी संपवून खासगी दवाखान्यांची यंत्रे बघायला जाते. पुढच्या शिक्षणासाठी माझी निवड झाली होती, ती जागा सोडली. हे तुला सांगणार नव्हते. पण तू खर्चाची भाषा काढलीस, म्हणून खर्च पूर्ण लिहिला.

आता नववा मुद्दा. ‘यंत्र नीट चालले’ असे मी लिहिले होते. ते खरे आहे. ज्या दुर्बिणीने माझी तपासणी झाली तिची तार मी आदल्याच आठवड्यात बदलली होती. इंजेक्शन चढण्याआधी मी तिचा क्रमांक वाचला आणि डॉक्टरीणबाईंना म्हटले, “डावीकडे जरा जड वळेल.” त्या म्हणाल्या, “तू आता झोप.”

आत दोन कोंब निघाले. आतड्याच्या अस्तरावर वाटाण्याएवढी वाढ असते, तिला कोंब म्हणतात. दोन्ही तिथेच काढून टाकले. एक निरुपद्रवी होता. दुसरा तसा नव्हता. तो कॅन्सर नव्हता, पण त्याच रस्त्यावर होता. आपल्या घराण्यात तो रस्ता लोक झपाट्याने चालतात असे दिसते. मला आता दर वर्षी तपासून घ्यावे लागेल. मला काहीच त्रास होत नव्हता. एक थेंब रक्त गेले नव्हते. मी तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे. तुला रक्त जाते आहे.

हे आधी लिहिले नाही, कारण तू घाबरून तपासणी करावीस असे मला वाटत नव्हते. समजून करावीस असे वाटत होते. समजून तू पैसे पाठवलेस. तर मग घाबरून कर, माझी हरकत नाही.

बाबांना आणि आत्याला माझे माहीत नाही. त्यांना सांगू नकोस. एका घरात एका वेळी एक पुरे.

पक्कड


८ मे

दादा,

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे, कारण यात तारीख आहे.

आधी काय झाले ते. मंगळवारी बाबांचा चौथा डोस होता. मी त्यांना घ्यायला घरी आले तर ते दुकानात इस्त्री करत उभे होते.

“निघायचं ना?”

“मी येत नाही.”

“का?”

“हिला विचार.”

आत्या काजात सुई अडकवून बसली होती, वर बघत नव्हती. तिच्या पोटात एरवीही काही राहत नाही, पण हे तिने सहा आठवडे ठेवले होते. सकाळी बाबांच्या पानात तिखट वाढायला ती विसरली आणि बोलून गेली, “दादालाही बंदच सांगितलंय.” मग सगळे निघाले.

“त्याला रक्त जातंय,” बाबा म्हणाले, “आणि तुला माहीत होतं.”

“हो.”

“माझे उरलेले डोस थांबव. त्या पैशात त्याला बोलाव. कापड जुनं झालं की रफू परवडत नाही, नव्याला अस्तर लावावं.”

“बाबा, असे पैसे इकडचे तिकडे होत नाहीत. औषधाचे पैसे इस्पितळाच्या योजनेतून जातात. तुम्ही नाही घेतलंत तर ते त्याला मिळत नाहीत, नुसते बुडतात.”

“मग मी चौकात उभा राहून मागेन. पण आज येणार नाही. तो आला की येईन.”

डोस चुकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन आठवड्यांचा उशीर चालेल, त्याहून जास्त नको. हे मी तुझ्यावर दबाव म्हणून लिहीत नाही. घडले म्हणून लिहिते आहे. ते सत्तावन्न वर्षांचे आहेत, स्वतःचे स्वतः ठरवतात आणि चुकीच्या जागी ठरवतात. पोटावर खूण आहे.

दुसरी गोष्ट त्याच संध्याकाळची. मी दुकानात बसले होते. गल्लीतला इस्त्रीवाला परीट पँट अल्टर करायला घेऊन आला. त्याने सहज विचारले, “काय मास्तर, बसत नाही हल्ली? मूळव्याध अजून त्रास देतेय वाटतं.”

बाबा खडूने खूण करत होते. वर न बघता म्हणाले, “मूळव्याध नव्हती. कॅन्सर होता.”

आत्या उठली. पण दुकानात गॅस नाही. ती परत बसली.

“माझ्या बापालाही तोच होता,” बाबा म्हणाले. “भावालाही. आम्ही त्याला मूळव्याध म्हणत बसलो. माझ्या पोराला रक्त जातंय, तोही तेच म्हणत बसलाय.”

दुकानात दोन गिऱ्हाइके होती. एक बाई आपले ब्लाऊजचे कापड उचलून “नंतर येते” म्हणून गेली. ती नंतर आलेली नाही. परीट मात्र गेला नाही. दुसरे गिऱ्हाईक जाईपर्यंत तो बटणांच्या बरण्या बघत राहिला, मग टेबलाजवळ आला.

“मास्तर, तुम्हाला किती दिवस जात होतं?”

बाबांनी खडू खाली ठेवला. “का रे?”

“नाही, असंच.”

“असंच कोणी विचारत नाही. हिच्याशी बोल.”

मी त्याला सगळे सांगितले. त्याच्या घरात हा आजार कोणाला नाही, म्हणून तो मोठ्या रांगेत लागला. ती आता पाच महिन्यांची आहे. त्याने नाव नोंदवले. रोज संध्याकाळी तो दुकानात येऊन बाबांना विचारतो, “पुढं सरकली का हो रांग?” जणू रांग बाबाच ओढतात. बाबा म्हणतात, “सरकतेय. तिखट कमी कर म्हणून मी सांगणार नाही, तुझं तू खा.”

आता तारीख. ज्यांच्या घरात आजार सापडला आहे त्यांची यादी वेगळी असते आणि ती लहान आहे. फेब्रुवारीतच मी तुझे नाव त्या यादीत घातले. नियमाने घातले, कोणाला मागे सारून नाही. तुझी वेळ आली आहे, मंगळवार १९ मे, सकाळी नऊ. घरच्यांसाठी फी माफ आहे. येण्याचा खर्च मी करते. तुझ्या मुकादमाला हवे असेल तर इस्पितळाचे पत्र मिळेल. त्यात फक्त ‘कौटुंबिक कारण’ असे लिहितात, आजाराचे नाव लिहीत नाहीत. मी चौकशी केली आहे.

न येताही तपासणी होऊ शकते. तिथे कर, कुठेही कर. पण तू तिथे करणार नाहीस, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

एक गोष्ट कामाची म्हणून सांगते. न कळवता कोणी आले नाही की ती जागा वाया जाते. पुढच्या माणसाला आयत्या वेळी बोलावून उपयोग नसतो, कारण त्याचे पोट भरलेले असते. त्याला औषध घ्यायला आदला दिवस लागतो, रजा मागायला त्याच्या आधीचा लागतो आणि मनाची तयारी करायला त्याहून आधीचे काही दिवस लागतात. तुझ्यानंतर यादीत एक बाई आहे. तिची बहीण गेल्या महिन्यात गेली. तू येणार नसलास तर ती वेळ तिला वेळेवर मिळावी. दुर्बीण रिकामी टांगलेली मला बघवत नाही. ती मी त्यासाठी दुरुस्त करत नाही.

बाबांना तुझ्याशी बोलायचे आहे का, हे मी त्यांना विचारले नाही आणि विचारणारही नाही. तू त्यांच्याशी बोलावेस अशी अट नाही. माझ्याशीही नाही. स्टेशनवरून थेट इस्पितळात येऊ शकतोस. आदल्या दिवशीचे औषध घ्यायला घरच लागते असे नाही, जवळ एक लॉज आहे. मी खोली बघून ठेवली आहे, संडास आतच आहे. इंजेक्शनची गुंगी उतरेपर्यंत सोबत एक माणूस लागतो, तो नियम आहे. तो माणूस मी असेन. त्यात बोलावे लागत नाही.

तू येणार आहेस की नाही, ते गुरुवार १४ मेपर्यंत कळव. आत्याच्या फोनवर ‘हो’ किंवा ‘नाही’, एवढा निरोप पुरे.

पक्कड